चांदरचा वाडा : वस्तू आणि वास्तू

जुन्या घराण्यांच्या कलासंग्रहावर आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुधा वस्तूंच्या यादीपाशी थांबते. गोव्यात सासष्टीतील चांदर येथील ब्रागांझांच्या वाड्याविषयीचे लेखन वाचताना हा दोष आम्हांला वारंवार जाणवला. बेल्जियमची झुंबरे, चिनी मातीची भांडी, इटालियन संगमरवर, एवढे सांगितले की लेख संपला! (चांदर म्हणजे कदंबांचे चंद्रपूर, आमच्या विदर्भातील चंद्रपूरशी त्याचे साम्य केवळ नावापुरते.)

वस्तुतः या वाड्यातील सर्वांत मोलाचे काम जहाजातून आलेले नाही. खुर्च्या, मेजे, पलंग यांवरील कोरीवकाम गोमंतकीय सुतारांच्या हातचे आहे. ज्या कारागिरीने गोव्यातील चर्चच्या वेद्या घडविल्या, तीच येथे दिवाणखान्यात उतरली आहे. पोर्तुगालच्या राजाने भेट दिल्याचे सांगतात त्या खुर्च्यांपुढे पाहुणे रेंगाळतात. उरलेल्या कोणी घडविल्या, हे कोणी विचारीत नाही.

वाड्याचे दोन भाग आहेत. पूर्वेकडे ब्रागांझा पेरैरा कुटुंबाच्या खासगी प्रार्थनामंदिरात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नखाचा अवशेष जपलेला आहे. त्यापुढे गुडघे टेकणारा भाविक त्याला संग्रहातील वस्तू म्हणणार नाही. पश्चिमेकडे मिनेझिस ब्रागांझांचा मोठा ग्रंथसंग्रह. याच घराण्यातील लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी १९३० साली गोव्याच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. पोर्तुगीज अभिरुचीने सजलेल्या घरातून पोर्तुगीज सत्तेला आव्हान जावे, ही गोष्ट त्या ग्रंथांच्या कपाटांसमोर उभे राहिल्यावाचून नीट उमजत नाही. वस्तू वास्तूपासून तोडू नये असे आम्ही म्हणतो ते एवढ्यासाठीच.

हे वैभव भाटकारीचे होते, कुळांच्या श्रमावर उभे होते, हे लपविण्याचे कारण नाही. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते उत्पन्न आटले आणि छप्पर राखणेही कठीण झाले.

नागपूरकरांना याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निवर्तले, पुढल्या वर्षी राज्य खालसा झाले, जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात गेले. काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीकामाने नटलेला राजवाडा १८६४ मध्ये जळाला; नगारखान्याचे द्वार तेवढे वाचले. आधी वस्तू गेल्या, मागोमाग वास्तू. आपले वस्तुसंग्रहालय, म्हणजे अजब बंगला, १८६३ चा. पण राजघराण्याचे दालन तो कसा परत देणार?

आयर्लंडमधील रसबरो या गढीवजा घरात १९७४ ते २००२ या काळात चार वेळा चित्रांची चोरी झाली. निवडक चित्रे १९८७ मध्ये राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाला देण्यात आली. २०१५ मध्ये घराच्या डागडुजीसाठी उरलेल्यांपैकी काही लंडनला विकण्याचे विश्वस्तांनी ठरविले, तेव्हा गदारोळ उठला आणि लिलाव मागे घ्यावा लागला. तेथे निदान गदारोळ तरी झाला. चांदरला छपराची चिंता कुटुंबानेच वाहिली आहे, पाहुणे जाताना ठेवतात त्या देणगीच्या आधाराने.