शीत आणि भात: मालिकांखालच्या प्रतिक्रिया

अमळनेरला १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. त्यामुळे आपल्या जळगाव-धुळ्याकडे न्यायशास्त्राचं नाव काढलं तर कुणी दचकू नये. स्थालीपुलाक न्याय म्हणजे आपली शितावरून भाताची परीक्षा. एक शीत दाबायचं आणि सगळा भात शिजला म्हणायचं. हे अनुमान चालतं, कारण तांदूळ एकाच पातेल्यात, एकाच आचेवर असतात. शिवाय ते शीत आपण उचललेलं असतं. स्वतःहून उडी मारून ओट्यावर पडलेल्या शितावरून कुठली बाई भात उतरवते का?

आता मोबाईलवरच्या बातम्या बघा. ‘मालिकेवर प्रेक्षक संतापले’, ‘नेटकऱ्यांनी सुनावलं’. उघडलं की आत चार प्रतिक्रिया. ‘प्रेक्षक’ या शब्दाचा एवढा स्वस्त वापर मी पाहिला नव्हता. कुणी म्हणेल, सर, चार नकोत, चाळीस हजार घ्या. त्यानंही भागत नाही. अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’नं एक कोटी मतपत्रिका धाडल्या. वीस लाखांवर परत आल्या, आणि लँडन निवडून येणार असं भाकीत झालं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले! यादी मुळात दूरध्वनी आणि मोटारी असलेल्यांकडे झुकलेली होती, आणि त्यातही ज्यांना हौस होती त्यांनीच उत्तरं पाठवली.

आपल्याकडचं उदाहरण ‘माझ्या नवऱ्याची बायको’. २०१६ ते २०२१ चाललेली मालिका. राधिका, गुरुनाथ, शनाया यांच्यावरच्या विनोदांनी सगळ्यांचे फोन भरले होते. ‘बंद करा आता’ हे तर रोजचंच. आणि त्याच काळात टीआरपीच्या यादीत ती कितीतरी आठवडे पहिली. खोटं कोण बोलत होतं? माझ्या मते कुणीच नाही. टीआरपी एवढंच सांगतो की संच कुठल्या वाहिनीवर होता. आवडलं का, हे त्याला कळत नाही. प्रतिक्रियेत आवडनिवड असते, पण ती कुणाची, हे कळत नाही. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आपण एका तागडीत टाकतो.

टीआरपीची बाजू घ्यायला मी उभा नाही. ऑक्टोबर २०१५ पर्यंत या मोजणीत खेडी नव्हतीच. आमच्या तापीकाठच्या गावांनी वर्षानुवर्षं मालिका पाहिल्या, त्या कुणाच्या खात्यात लागल्या नाहीत. २०२० मध्ये तर पैसे देऊन ठरावीक वाहिनी चालू ठेवायला लावल्याच्या आरोपांवरून मुंबईत गुन्हा दाखल झाला. पण निदान तिथं शीत उचलण्याची काही पद्धत आहे, आणि ती चुकली तर जाब विचारता येतो. प्रतिक्रियांना जाब कोण विचारणार? बऱ्याच प्रतिक्रिया तर प्रोमोखाली असतात. म्हणजे भाग दिसण्याआधीच त्यावर मत! आणि त्या मतांच्या धाकानं लेखकानं कथा वळवली, तर गप्प बसून पाहणाऱ्यांच्या तोंडचा घास जातो. हा अन्याय मला खटकतो.

शिवाय शब्द सगळं सांगत नाहीत. माझी थोरली बहीण शिंदखेडा तालुक्यात असते, ऐंशी ओलांडलेली. मालिका लागली की रोज एकदा म्हणणार, ‘कायबी दखाडतस!’ आणि पाय दुमडून बसली की शेवटची पाटी येईपर्यंत उठणार नाही. तिचा पुण्याचा नातू प्रोमोखाली तेच प्रमाण मराठीत लिहितो, ‘काहीही दाखवतात’. यंत्रानं मोजलं तर दोन्हींची नोंद ‘नापसंती’त. अक्काच्या त्या वाक्यात किती लाड आहेत, हे ऐकल्याशिवाय कळायचं नाही. आणि ती तर कुठंच लिहीत नाही.

दिवाळीत दोघं एका खोलीत होते. मी नातवाला विचारलं, भाग पाहिलास का रे? म्हणाला, ‘आजोबा, प्रोमोवरून कळतं सगळं.’ मी पुढं काही बोलणार, तेवढ्यात अक्कानं आम्हा दोघांनाही गप्प बसवलं. मालिका सुरू झाली होती.