नांव आधीं, यंत्र मागाहून : ‘गिलोटीन’ शब्दाची चिकित्सा

फ्रेंच राज्यक्रांतीविषयींच्या लोकप्रिय पुस्तकांतून एक विधान इतक्या निःशंकपणें केलेलें आढळतें कीं, त्यास पुरावा काय असें विचारण्याचें वाचकास सुचतच नाहीं. डॉ. गियोतँ यानें शिरच्छेदाचें यंत्र शोधून काढिलें, शोधकाचें नांव यंत्रास मिळालें, आणि अखेर शोधकाचेंच शिर त्या यंत्राखालीं गेलें, असें तें विधान होय. यांपैकीं नांव त्या गृहस्थाचें, एवढेंच खरें. बाकीचा मजकूर त्या नांवावरून मागाहून रचलेला आहे. शब्दांत नांव दिसलें कीं त्यावरून कर्तृत्वाचा निवाडा देण्याची ही रीत इतिहाससंशोधनास घातक असल्यामुळें तिची तपासणी येथें करीत आहों.

(१) नांवाचा काळ. जोसेफ इग्नास गियोतँ (१७३८–१८१४) हा पॅरिसचा वैद्य व राष्ट्रीय सभेचा सभासद. त्या काळीं फ्रान्सांत कुळ पाहून शिक्षा होई : सरदाराचें शिर तरवारीनें उडवीत, सामान्य माणसास फांशीं देत किंवा चाकावर बांधून त्याचीं हाडें मोडीत. ता. १० आक्टोबर १७८९ रोजीं गियोतँनें दंडविधानाच्या सुधारणेची सूचना सभेपुढें मांडिली. अपराध एक तर शिक्षाहि एकच असावी, हें तिचें मुख्य सूत्र. देहांतशिक्षा साध्या यंत्रानें शिरच्छेद करून द्यावी, असेंहि त्याचें म्हणणें होतें. ता. १ डिसेंबरच्या चर्चेंत, आपल्या यंत्रानें शिर निमिषांत उडेल व वेदना होणार नाहींत, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढिले आणि सभेंत हंशा पिकला. त्या दिवशीं समान शिक्षेचें तत्त्व मंजूर झालें. यंत्राचा प्रश्न मागें पडला.

पाठोपाठ ‘आक्त देझापोत्र’, म्हणजे ‘प्रेषितांचीं कृत्यें’, या राजपक्षीय पत्रानें त्या उद्गारांवर विडंबनपर पद्य छापिलें, आणि त्यांत भावी यंत्रास वैद्याच्या आडनांवापासून ‘गियोतीन’ हें स्त्रीलिंगी नांव दिलें. सारांश, शब्द टवाळीचा आहे, गौरवाचा नव्हे; आणि तो जन्मला तेव्हां यंत्र अस्तित्वांतच नव्हतें.

(२) यंत्राचा काळ. देहांतशिक्षा म्हणजे शिरच्छेदच, असें कलम इ. स. १७९१ च्या दंडविधानांत आलें. तें अंमलांत कसें आणावें याविषयीं शस्त्रवैद्यांच्या अकादमीचा चिटणीस आंत्वान लुई यानें ता. ७ मार्च १७९२ रोजीं लेखी अभिप्राय दिला. त्यांत इंग्लंडांतील तत्सम यंत्राचा उल्लेख स्पष्ट आहे. म्हणजे नवीन शोधाचा दावा लुईसहि करतां येत नाहीं. इंग्लंडांत हॅलिफॅक्स येथें असें यंत्र सतराव्या शतकापर्यंत चालू होतें. स्कॉटलंडांतील ‘मेडन’ हें यंत्र १५६४ पासून १७१० पर्यंत वापरांत होतें व तें आज एडिंबरोच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतें. पॅरिसचें यंत्र टोबियास श्मिट या हार्पसिकॉर्ड नामक वाद्य बनविणाऱ्या जर्मन कारागिरानें तयार केलें. ता. १७ एप्रिल रोजीं बिसेत्र येथें प्रेतांवर त्याची परीक्षा झाली, आणि ता. २५ एप्रिल १७९२ रोजीं पेल्तिए नांवाच्या वाटमाऱ्यावर तें प्रथम चाललें. शब्द आणि वस्तु यांत दोन वर्षांहून अधिक अंतर पडतें. आरंभीं यंत्रास लुईच्या नांवावरून ‘लुइझेत’ असेंहि म्हणत. कर्तृत्वाच्या दृष्टीनें हें नांव अधिक न्याय्य होतें. परंतु टवाळीचें नांव आधींच लोकांच्या जिभेवर बसलें होतें, तें टिकलें.

(३) ग्रंथकारांचे दोष. कार्लाइलनें १८३७ च्या आपल्या इतिहासांत १७८९ सालींच वैद्याच्या हातीं यंत्र देऊन लागलीच त्याचें बारसें केलें आहे. चित्र बहारीचें, पण दोन वर्षांची कालगणना त्यांत गिळली गेली. वैद्य त्या यंत्राखालीं मेला नाहीं, हें मात्र त्यानें बरोबर सांगितलें आहे. व्हिक्टर ह्यूगोचें सुभाषित याहून अधिक पसरलें : कोलंबसास आपल्या शोधाला नांव चिकटवितां आलें नाहीं, गियोतँस आपल्या शोधावरून तें काढतां आलें नाहीं, असा त्याचा आशय. वाक्य डौलदार आहे. परंतु ‘आपल्या शोधावरून’ हे शब्द काढले तर डौल उरत नाहीं, आणि ठेवले तर सत्य उरत नाहीं. यांच्या उलट क्रोकरचा १८५३ चा निबंध. हा लेखक राज्यक्रांतीचा विरोधक, तरी त्यानें तत्कालीन पत्रकें व चोपडीं सहस्रावधि जमविलीं. त्याचे तीन संग्रह ब्रिटिश म्यूझियमनें घेतले. या विषयांत त्याचें वजन आहे तें या कागदांमुळें, मतांमुळें नव्हे.

वैद्याचा अंत ता. २६ मार्च १८१४ रोजीं पॅरिस येथें आजारानें झाला. शिक्षेंतील क्रौर्य व भेद काढूं पाहणाऱ्या माणसाचें नांव क्रौर्याची खूण होऊन बसलें, हा अन्याय शब्दानें केला. त्यावर दाखल्याचा शिक्का मारला तो इतिहासकारांनीं.

(४) दुसरें प्रमाण. नांवावरून कर्ता ठरवूं नये, यास छापखान्यांतील कागद कापण्याचें यंत्र हें उत्तम उदाहरण आहे. इंग्रजींत त्यास ‘गिलोटीन’ म्हणतात. मराठींत हा शब्द ‘ल’ कारासह आला, त्यावरून तो इंग्रजीच्या द्वारें आला हें उघड आहे. खुद्द फ्रेंच भाषेंत मात्र त्यास ‘मासिको’ म्हणतात. कारण १८४४ सालीं त्याचें पेटंट घेणाऱ्याचें आडनांव मासिको. वस्तु एक, नांवें दोन. इंग्रजी नांवावर विसंबणारा येथेंहि वैद्यासच शोधक ठरवील.

तात्पर्य, शब्दांत गोंवलेलें नांव एवढेंच सिद्ध करतें कीं तें नांव कोणे एके काळीं लोकांच्या तोंडीं होतें. कोणाच्या तोंडीं, कोणत्या हेतूनें व कोणत्या सालीं, हें सर्वांत जुना लेख सांपडल्यावांचून ठरत नाहीं. प्रस्तुत प्रश्नांत निर्णायक ठरला तो एका थट्टेखोर पत्रांतील पद्याचा तुकडा. सनदा, निवाडे व महजर जपणाऱ्या आमच्या संग्राहकांनीं दप्तरांतील लावण्या, टवाळीचे कागद आणि समासांतील शेरे ‘किरकोळ’ म्हणून बाजूस टाकूं नयेत. आणि पोथी बांधावयास देतांना तिचा समास कापूं देऊं नये. उद्यां एखाद्या शब्दाचा न्याय त्या समासांतच लिहिलेला निघेल.