कोळशाच्या धड्यातला भूकंप

कोट्यवधी वर्षांपूर्वी भूकंपासारख्या उलथापालथीत जंगले जमिनीत गाडली गेली आणि दाब व उष्णता यांमुळे त्यांचा दगडी कोळसा झाला, असे आपण शिकलो आणि वर्गात शिकवतो. यातील दाब व उष्णतेचा भाग बरोबर आहे. ‘जंगले एकाएकी गाडली गेली’ हा भाग मात्र तपासून घ्यायला हवा.

पहिली अडचण जाडीची. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या साठ्याला पीट म्हणतात. १ मीटर दगडी कोळशासाठी ढोबळमानाने १० मीटर पीट लागते आणि पीट वर्षाला साधारण १ मिलिमीटर साठते. म्हणजे १ मीटर थरामागे सुमारे १०,००० वर्षे! जंगल कितीही दाट असो, ते एकदाच आडवे होऊन एवढा साठा होणार नाही.

दुसरी अडचण थरांच्या क्रमाची. १८४०च्या सुमारास विल्यम लोगन यांनी दाखवून दिले, की दक्षिण वेल्समधील कोळशाच्या थरांखाली चिकणमाती असते आणि तीत झाडांची मुळे असतात. म्हणजे झाडे तेथेच वाढली होती. त्यावर कोळसा, मग शेल, वालुकाश्म आणि पुन्हा मुळांची माती, अशी आवर्तने एकावर एक आढळतात. मग काय, प्रत्येक थरासाठी एकेक भूकंप मानायचा?

त्रिभुज प्रदेशाकडे पाहिले की कोडे सुटू लागते. मिसिसिपी नदीने गेल्या सुमारे ७,००० वर्षांत आपला मार्ग अनेकदा बदलला. नदीने सोडलेल्या भागात गाळ येणे थांबते आणि दलदल माजते. साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी, त्यामुळे पाने व खोडे पूर्ण कुजत नाहीत. खालचा गाळ दबून जमीन खचत राहते. खचण्याचा आणि पीट साठण्याचा वेग जुळला, तर पीट जाड होत जाते. जमीन अधिक खचली, की पाणी शिरून वर चिखल बसतो. नदी परतली, की वाळू येते.

येथेच आपल्या धड्याची खरी चूक दिसते. कोळशाची सुरुवात गाडले जाण्याने होत नाही. ती गाळ येणे थांबल्याने होते. गाळ परत आला, की पीट साठणे संपते. कॅनडातील जॉगिन्सच्या कड्यात झाडांचे उभे अश्मीभूत बुंधे आहेत. ते भराभर गाडले गेले हे खरे. पण त्यांच्याभोवती आहेत ते वाळू-चिखलाचे खडक, कोळसा नव्हे.

अर्थात हे स्पष्टीकरणही सरसकट लावू नये. त्रिभुज प्रदेशातील दलदलीत पुराचा चिखल शिरतो आणि अशा पीटमध्ये राख फार असते. म्हणून स्वच्छ कोळशासाठी भूवैज्ञानिक सुमात्रा-बोर्निओतील, केवळ पावसावर वाढणाऱ्या घुमटाकार पीटचाही दाखला देतात. आपल्या चंद्रपूरचा कोळसा तर समुद्रकाठचा नव्हे, भूभागातील नदीखोऱ्यांतला. त्याची मुख्य वनस्पती ग्लॉसॉप्टेरिस. युरोपीय चित्रांतील लेपिडोडेंड्रॉन येथे दाखवू नये.

फळ्यावर माती, कोळसा, शेल, वालुकाश्म यांचा स्तंभ काढावा आणि विचारावे : जंगल एकदाच गाडले गेले, तर कोळशाचे थर अनेक कसे? उत्तर शोधताना, आपण काही मिनिटांत जाळतो तो कोळसा पुन्हा का मिळणार नाही, हेही मुलांना आपोआप उमगेल.