संशय आणि पुरावा : लहान मुलांच्या रहस्यकथांविषयी

रहस्यकथेचे नाव काढले की आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ पालकांच्या कपाळाला आठी पडते. या आठीला इतिहास आहे. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा महाराष्ट्राने वाचनालयांतून भाड्याने आणून वाचल्या; झुंझार आणि काळापहाड ही नावे घरोघरी पोहोचली. तरीही ही पुस्तके उशीखालीच राहिली, फळीवर मानाने बसली नाहीत. मुलांना चोरीची, खुनाची गोडी लागेल ही भीती त्या काळी होती, आजही आहे. परंतु भिण्याजोगी गोष्ट मला निराळीच दिसते.

मूल सहा-सात वर्षांचे होईपर्यंत रहस्यकथा त्याच्या घरात न बोलावता येऊन बसलेली असते. १९९८ साली दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या ‘सी.आय.डी.’ मालिकेतला दार तोडण्याचा आविर्भाव आमच्या पौडच्या आळीतील बालवाडीची पोरेही हुबेहूब करतात. त्याचे मला काही वाटत नाही. मात्र अशा मालिकांत संशयिताच्या कानाखाली एक बसते आणि तो घडाघडा कबुली देतो, हे मुलाच्या मनात रुजणे मला पडद्यावरच्या खुनापेक्षा घातक वाटते. ज्याच्यावर संशय, तोच गुन्हेगार, असे मूल त्यातून शिकते.

याच्या नेमके उलट शिकवणारी कथा आपल्या हाताशी आहे, आणि ती कॅथोलिक बायबलमध्येच आहे. दानिएलच्या पुस्तकाचे तेरावे आणि चौदावे प्रकरण प्रॉटेस्टंट बंधूंच्या जुन्या करारात नाही. आपल्याकडे ते आहे, पण मुलांना ते सांगताना मी फारसे कुणाला ऐकलेले नाही. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने १९२८ साली रहस्यकथांचा मोठा संग्रह संपादित केला, तेव्हा आरंभीच्या नमुन्यांत तिने याच कथा घेतल्या.

चौदाव्या प्रकरणातील बेल दैवताची कथा तर लहानग्यांसाठीच रचावी तशी आहे. बाबिलोनच्या या मूर्तीपुढे रोज बारा मापे सपीठ, चाळीस मेंढरे आणि सहा मापे द्राक्षारस ठेवला जाई. सकाळी सारे फस्त. देव जेवतो, अशी राजाची खात्री. दानिएल वाद घालीत बसत नाही. दार बंद होऊन मोहोर लागण्यापूर्वी तो मंदिराच्या जमिनीवर राख चाळून पसरतो. सकाळी मोहोर शाबूत आणि अन्न नाहीसे! राजा जयजयकार करतो. दानिएल हसून म्हणतो, आधी खाली पाहा. राखेत पुरुषांची, बायकांची, मुलांची पावले उमटलेली असतात. पौडच्या मुलांना मी ही कथा सांगितली तेव्हा राख हा शब्द उच्चारताच दोघे-तिघे ओरडले, ‘पावलं!’ मुळशीच्या भातखाचरांत रात्री कोण येऊन गेले ते चिखल सांगतो, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. (पुढे त्या पुरोहितांना बायका-मुलांसह देहान्त शासन होते. तो भाग मी सांगत नाही. मूल मोठे झाले की स्वतः वाचील आणि प्रश्न विचारील.)

तेराव्या प्रकरणातील सुसान्नेची कथा नऊ-दहा वर्षांनंतरची. लहानांना ‘खोटा आळ’ एवढेच सांगावे. आळ घेणारे दोघे वडीलधारे, न्यायदान करणारे. म्हणून जमावाने विश्वास ठेवला आणि निकाल देऊन टाकला. दानिएल दोघांना वेगवेगळे करून एकच प्रश्न विचारतो : कोणत्या झाडाखाली पाहिलेत? एकाचे उत्तर मस्तकी, दुसऱ्याचे ओक. साऱ्या रहस्यकथेचे मर्म या एका प्रश्नात आहे. माणसाची पत आणि त्याची साक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलाला उपदेशाशिवाय कळते.

आमच्या तालुक्यात हे कळणे निकडीचे आहे. गावातून कोंबडी नाहीशी झाली की पहिले बोट कातकरी वस्तीकडे वळते. इंग्रज सरकारने १८७१ साली काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. तो १९५२ साली रद्द झाला, बोट वळण्याची सवय मात्र रद्द झाली नाही. म्हणून मुलाच्या हाती रहस्यकथा देताना मी एकच पाहतो : संशय कोणावर घेतला आहे, आणि कशावरून?

या कसोटीवर पुष्कळ लाडकी पुस्तके अडखळतात. एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’ची मालिका १९४२ साली सुरू झाली, तिच्या कथांत फिरस्ते आणि परदेशी लोक वारंवार संशयाच्या छायेत असतात. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूंनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले, त्यांत कथेत चिनी माणूस नसावा असाही एक होता. तो टोमणा होता. त्या काळच्या स्वस्त कथांत चिनी माणूस दिसला की तोच खलनायक, हे ठरलेलेच असे.

आपल्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे माझा फार आवडता. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकलवरून वाऱ्यासारखा जातो आणि भीती वाटली तरी मागे फिरत नाही. पण तो विचार करण्यापेक्षा धावतो अधिक. भागवतांची प्रतिभा साहसाची आहे, तपासाची नव्हे. आठ वर्षांच्या मुलाला ती अवश्य द्यावी, फक्त पुराव्याची शिस्त तिच्याकडून मागू नये. ती शिस्त एरिश केस्टनरच्या ‘एमिल’ या १९२९ सालच्या जर्मन कादंबरीत आहे. एमिलने नोटा कोटाच्या अस्तराला टाचणीने टोचून ठेवलेल्या असतात. चोर सापडतो, तेव्हा पैसे एमिलचेच हे सिद्ध करते ते नोटांवरचे टाचणीचे भोक.

आणि फादर ब्राउन? चेस्टरटनच्या या धर्मगुरूचा पहिला संग्रह १९११ सालचा. बहुतेक कथा मोठ्यांच्या आहेत, पण ‘द ब्लू क्रॉस’ तोंडी सांगता येते. साखरेच्या भांड्यात मीठ, भिंतीवर फेकलेले सूप, फोडलेली खिडकी अशा विक्षिप्त खुणा मागे ठेवीत फादर पोलिसांना आपल्या मागावर आणतात, हे ऐकताना मुले हसून लोळतात. त्यातला चोर फ्लॅम्बो पुढे चोरी सोडतो आणि फादरांचा मित्र होतो. तुरुंगाच्या दाराशी न संपणारी चोराची गोष्ट मुलांच्या पुस्तकांत मला क्वचितच भेटली आहे.

पौडला अशी पुस्तके आपोआप येत नाहीत. बसने पुण्याला अप्पा बळवंत चौकात जाऊन आणावी लागतात. आणली की ती मुलाच्या हाती देऊन मोकळे होऊ नये. आई-बापांनी मोठ्याने वाचावीत, आणि उलगड्याच्या आधीच्या पानावर पुस्तक मिटावे. मूल लगेच कुणाचे तरी नाव घेईल. बरोबर की चूक ते सांगू नये, ‘कशावरून?’ एवढेच विचारावे, आणि ते उत्तर शोधीत असताना जेवणाची पाने घ्यावीत.