विज्ञानकथेचा पुरस्कार आणि वाचकांचे मत : ह्यूगो पुरस्काराची चिकित्सा

साहित्यपुरस्कार म्हटला की परीक्षक मंडळ गृहीतच धरले जाते. ह्यूगो पुरस्कार यास अपवाद आहे. १९५३ मध्ये फिलाडेल्फिया येथील जागतिक विज्ञानकथा संमेलनात तो प्रथम दिला गेला. संमेलनाचे सभासदत्व शुल्क भरणारी कोणतीही व्यक्ती येथे मतदार ठरते. नेब्युला पुरस्कारासाठी मात्र विज्ञानकथालेखकांच्या संघटनेचे सदस्य मत देतात. फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ला १९६६ मध्ये नेब्युला आणि (विभागून) ह्यूगो, असे दोन्ही पुरस्कार लाभले. त्यामुळे वाचकांची अभिरुची लेखकांच्या अभिरुचीहून हीन असते, असे सरसकट म्हणता येत नाही.

खरा प्रश्न अभिरुचीचा नसून मतगणनेचा आहे. नामांकनाच्या टप्प्यावर प्रत्येक सभासद एका विभागात पाच कृती सुचवू शकतो. शेकडो कथा प्रसिद्ध होत असल्याने प्रामाणिक वाचकांची मते विखुरतात. एकाच यादीबरहुकूम मत देणारा छोटा गट मात्र संपूर्ण विभाग व्यापू शकतो. २०१५ मध्ये नेमके हेच घडले. साहसप्रधान कथांना डावलून सामाजिक आशयाच्या लेखनास झुकते माप दिले जाते, अशी तक्रार करणाऱ्या ‘सॅड पपीज’ व ‘रॅबिड पपीज’ या गटांनी नामांकने काबीज केली. अंतिम फेरीत ५,९५० मतदारांनी कौल दिला आणि पाच विभागांत ‘पुरस्कार नाही’ हा पर्याय विजयी ठरला. हा पर्याय पसंतीक्रमाच्या मतपत्रिकेवर नेहमीच असतो. या निर्णयाचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु त्यात संपादनाचे दोन्ही विभाग रिक्त राहिले आणि यादीत न मागता गोवल्या गेलेल्यांनाही शिक्षा झाली, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. त्याच वर्षी लिऊ त्सिशिन यांच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ला पुरस्कार मिळाला. भाषांतरित कादंबरीस हा मान प्रथमच लाभत होता आणि तोही यादीतील एका लेखकाने स्वेच्छेने माघार घेतल्यामुळे जागा मोकळी झाली म्हणून!

२०१७ पासून नामांकनाची गणना बदलली. मतदाराचा एक गुण त्याने सुचविलेल्या कृतींत विभागला जातो. त्यामुळे एकगठ्ठा यादीचे बळ घटते. हा उपाय गणिती असून तो मतदाराच्या हेतूची झडती घेत नाही, हेच त्याचे सामर्थ्य होय.

मात्र मतदारांपासून रक्षण करणारा नियम व्यवस्थापकांपासून रक्षण करीत नाही. २०२३ च्या चेंगडू संमेलनात आर. एफ. कुआंग यांची ‘बाबेल’ पुरेशी नामांकने मिळूनही अपात्र ठरविण्यात आली. कारण दिले गेले नाही. आकडेवारी जानेवारी २०२४ मध्ये उघड झाली, तेव्हा पुरस्कार वाटून झाले होते. ग्लासगोच्या व्यवस्थापनाने त्याच वर्षी ३,८१३ पैकी ३७७ मते बाद केली. तथापि मतदारांच्या नावांतील संशयास्पद साम्य आणि शुल्काच्या परतफेडीची माहिती ही कारणे त्यांनी निकालापूर्वीच जाहीर केली. मते बाद करण्याचा अधिकार दोन्हीकडे सारखाच होता. ग्लासगोत तो सभासदांच्या डोळ्यांदेखत वापरला गेला.