‘नॅनोतार’ या संज्ञेची चिकित्सा : सूक्ष्मजीवी इंधनघटाच्या संदर्भात

सूक्ष्मजीवी इंधनघटाचा परिचय बहुधा ‘जिवाणू वीज निर्माण करतात’ या विधानाने करून दिला जातो. जिवाणूच्या बाजूने पाहता तो केवळ श्वसन करीत असतो. अ‍ॅसिटेटच्या एका रेणूचे पूर्ण ऑक्सिडीकरण होताना 8 इलेक्ट्रॉन मोकळे होतात व ते स्वीकारणारे कोणीतरी लागते. गाळातील जिओबॅक्टरसाठी हे काम लोहाचे ऑक्साइड करते, घटात अ‍ॅनोड करतो. (त्यास आपण पाठ्यपुस्तकी सवयीने ‘धनाग्र’ म्हणतो, घटाचे ते ऋण टोक असते, ही अडचण वेगळीच.) मात्र पेशीच्या आवरणाबाहेर हे इलेक्ट्रॉन जातात कसे, हा खरा प्रश्न आहे.

2005 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील डेरेक लवली यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये उत्तर मांडले : पिली नामक केसासारख्या तंतूंमधून. पिलीचे जनुक काढून टाकलेल्या जिवाणूला लोह ऑक्साइडवर श्वसन करता येईना, तसेच हे तंतू विद्युतवाहक आढळले. ‘नॅनोतार’ हा शब्द येथून रूढ झाला. 2011 मध्ये या तंतूंच्या जाळ्यांत धातुसदृश वहन असल्याचा दावाही पुढे आला.

प्रस्तुत लेखकाचा आक्षेप अनुमानपद्धतीवर आहे. जनुक काढल्यावर कार्य थांबले, एवढ्यावरून त्या जनुकाचे प्रथिनच ते कार्य करते असे सिद्ध होत नाही. जात्याचा खुंटा काढला की दळण थांबते; म्हणून खुंटा दळतो असे कोणी म्हणत नाही. 2019 मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने वाहक तंतूंची रचना उलगडली, तेव्हा ते ओएमसी-एस या सायटोक्रोमचे निघाले. त्याच्या प्रत्येक घटकात 6 हीम असून ते एकमेकांस अगदी लगटून सलग साखळीत रचलेले असतात. 2021 च्या शोधनिबंधाने पिलीकडे वेगळेच काम सोपविले : सायटोक्रोम पेशीबाहेर ढकलण्याचे. म्हणजे पिली नसतील तर तारही बाहेर येणार नाही, आणि 2005 चा प्रयोग खोटा न ठरताही त्याचा अर्थ बदलतो.

2011 च्या निबंधाचे प्रथम लेखक निखिल मालवणकर हे 2019 व 2021 च्या संशोधनांतही अग्रभागी होते, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते. लवली यांनी मात्र 2019 नंतरही पिलीच्या वाहकतेचा पक्ष लावून धरला. वाद मिटलेला नसताना पदवीच्या वर्गात पिलीला ‘तार’ दाखविणारी आकृती फळ्यावर काढायची असेल, तर तिच्याखाली 2005 हे वर्ष तरी लिहावे.