मातीचं घर, मातीची डबी आणि ‘मंदिर’ हा शब्द

पॉडकास्टच्या मागच्या भागात मारिया गिम्बुटास यांचा उल्लेख ओझरता झाला, आणि तेवढ्यावर सोडणं बरं नाही. त्यांचं पुस्तक १९७४ साली आलं तेव्हा नाव होतं ‘द गॉड्स अँड गॉडेसेस ऑफ ओल्ड युरोप’. १९८२च्या आवृत्तीत नावाचा क्रम उलटला: आधी देवी, मग देव. ग्रीस, बल्गेरिया, रोमानिया, युक्रेन इथे सापडलेल्या सहा-सात हजार वर्षं जुन्या, हातात मावतील अशा मातीच्या घरांना त्यांनी मंदिरांच्या प्रतिकृती मानलं. तिथून पुढे देवी, पुजारिणी, देवीसाठी भाजलेली भाकरी असं एक अख्खं धर्मजीवन उभं राहिलं. तुमच्यापैकी अनेकांना हे चित्र आवडतं, हे मला माहीत आहे. मलाही ते आवडलं होतं. पण त्यातला ‘मंदिर’ हा शब्द जरा तपासून बघू.

नोव्हायमधल्या एखाद्या मराठी घरात जा. पँट्रीत तांदळाच्या पोत्याशेजारी किंवा जिन्याखालच्या कपाटात एक छोटं लाकडी देवघर असतं. त्याला कळस असतो, खांब असतात. तीन हजार वर्षांनी कुणी ते उकरून काढलं तर ‘मंदिराची प्रतिकृती’ अशी चिठ्ठी लागेल. आकारापुरती ती बरोबरच आहे. पण त्यासमोर जे चालतं, म्हणजे सकाळची घाईतली पूजा, नवरात्रातले घट, आजीने बॅगेत घालून दिलेले कुलदैवताचे टाक, ते टॅफ्ट रोडवरच्या वेंकटेश्वराच्या देवळात चालणाऱ्या पूजेची छोटी आवृत्ती नव्हे. देवळाला पुजारी लागतो, घरच्या पूजेला घरचं माणूस पुरतं. आकार देवळाचा घेतला, आचार घराचाच राहिला.

आपल्याला देऊळही माहीत आहे आणि देवघरही, म्हणून हा फरक कळतो. गिम्बुटास यांच्या मांडणीत छोटी वस्तू मंदिर का, तर तशा मोठ्या इमारती आहेत म्हणून. आणि मोठी इमारत मंदिर का, तर छोट्या प्रतिकृती तेच दाखवतात म्हणून. युक्रेनमधल्या पोपुदन्याच्या प्रतिकृतीत डोकावलं तर काय दिसतं? भट्टी, साठवणीचे रांजण, आणि पाट्यावर धान्य दळणारी एक व्यक्ती. कुणाचंही स्वयंपाकघर म्हणा ना! ते दळण देवीच्या भाकरीसाठीच होतं, असं माती सांगत नाही.

तरी त्यांना उडवून लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. या वस्तूंना पोरांची खेळणी म्हणून फडताळात टाकणं सोपं होतं, ते त्यांनी केलं नाही. उत्तर मॅसिडोनियातल्या पोरोदिनच्या प्रतिकृतीवर छपरातून धुराड्यासारखी एक नळी वर येते; तिच्यावर चेहरा आहे, गळ्यात हार आहे. ज्या घराला गळा आहे, ते नुसतं घर नाही, एवढं मान्य करावंच लागतं.

मला सगळ्यात जास्त बोलतो तो ग्रीसमधल्या थेसलीतला नमुना, प्लातिया मागुला झार्कूचा. बिनछपराचं मातीचं छोटं घर, त्यात आठ बाहुल्या, आणि ते सगळं एका खऱ्याखुऱ्या घराच्या जमिनीखाली पुरलेलं. उत्खनन करणारे कोस्तास गॅलिस यांनी त्याला घर बांधतानाचं अर्पण म्हटलं आणि त्या बाहुल्यांत एका कुटुंबाच्या पिढ्या पाहिल्या. पिढ्यांचं मी सोडून देते. पण पुरलं कुठे, हे महत्त्वाचं. बघण्यासाठी केलेली वस्तू कुणी जमिनीखाली ठेवत नाही.

आता आपल्याकडे या. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे खोदलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं तुम्ही ऐकली असतील. इसवी सनापूर्वी १३००च्या सुमाराच्या एका घरात, जमिनीखाली, मातीची लंबगोल डबी मिळाली. आत एक स्त्रीमूर्ती, झाकणावर दुसरी, बिनडोक्याची, आणि सोबत एक बैल. बैलाच्या पाठीत आणि त्या मूर्तीच्या पोटात भोक आहे. काडी घातली की ती बैलावर बसते. कळस नाही, खांब नाहीत, छप्पर नाही. त्याच गावात लहान मुलांना दोन घटांत, तोंडाला तोंड लावून, घरातच जमिनीखाली पुरत. ज्या जमिनीवर लोक झोपत होते, तिच्याखाली लेकरं होती आणि ही डबीही होती.

ढवळीकरांनी या मूर्तीचं नातं पुढच्या काळातल्या शिर नसलेल्या देवीशी जोडलं. इथे मी थबकते. लज्जागौरीच्या मूर्ती आणि ही डबी यांच्यामध्ये हजाराहून जास्त वर्षं आहेत, आणि शिर नाही एवढ्यावर इतकी लांब उडी पेलत नाही. गिम्बुटास यांच्याकडून जो पुरावा मागितला, तो आपल्या माणसांकडूनही मागायला हवा. ‘आपली पाच हजार वर्षांची अखंड परंपरा’ असे फॉरवर्ड आले की तर जास्तच.

त्या मूर्तींबद्दल खात्रीने सांगता येतं ते वेगळंच आहे: त्या भाजलेल्या नाहीत. इनामगावच्या कुंभारांना भाजता येत होतं. जोर्वे शैलीची तांबडी, चाकावरची भांडी खणखणीत वाजतात. म्हणजे कच्ची माती ही निवड होती. पोळ्याचे मातीचे बैल आठवतात ना? ते करायचे, पुजायचे, टिकवायचे नाहीत. साम्य मीही दाखवतेय, पण ते देवीच्या नावाचं नाही, करण्याच्या रीतीचं आहे.

आणि पुरण्याचं म्हणाल तर वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरतात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्यासाठी फरशी बसवण्याआधी जागा सोडतात. नोव्हायच्या घराखाली बेसमेंट असतं, त्याखाली काँक्रीट. आणि तुम्ही भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये असाल तर खणायचा प्रश्नच नाही. मग प्रतिमा कुठे जाते? अंगणात, कुंडीत, की ड्रॉवरमध्ये? तुमच्या घरी काय केलं ते आम्हाला लिहून कळवा, पुढच्या भागात त्यावरच बोलायचा विचार आहे.